रिकामा संगणक कोणासाठीं राबतो ?

हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं संगणक असतो, आणि त्याबरोबर एक तक्रारही असते. ती अशी कीं, कोणीं हात लावला नसतां, एकही खिडकी उघडी नसतां, त्याचा पंखा एकाएकीं घरघरूं लागतो, पेटी तापते, आणि अभ्यासाची फाइल उघडावयास गेलें असतां ती उघडतां उघडत नाहीं. एकादा जिज्ञासु मुलगा प्रोसेसरवरील भार दाखविणारें कोष्टक उघडून पाहतो, तों तेथें शेंकडा ७० किंवा ८० असा आंकडा ! काम कांहीं नाहीं, आणि मजूर मात्र घामाघूम झालेला. हें गौडबंगाल काय आहे, असा प्रश्न घरांत उभा राहतो. आणि खेदाची गोष्ट ही कीं, त्याचें उत्तर शोध करण्यापूर्वींच दिलें जातें. वडील म्हणतात, "यानें खेळ उतरवून घेतले, त्यांतून विषाणु शिरला." थोरला भाऊ धाकट्याकडे बोट दाखवितो. दुरुस्तीवाला म्हणतो, "सारें पुसून पुन्हां भरावें लागेल." असें पुसतांना कित्येक घरांतील लग्नकार्याचीं छायाचित्रें, आजोबांचीं पत्रें आणि मुलांनीं महिनाभर खपून तयार केलेले प्रकल्प कायमचे नाहींसे झालेले आहेत; आणि इतकेंही करून पंखा आठ दिवसांत पुन्हां घरघरूं लागला तर नवा संगणक घेण्याची भाषा सुरू होते.

या विषयासंबंधीं आमचें मत थोडक्यांत असें आहे. रिकाम्या संगणकाचा प्रोसेसर कामांत आहे, एवढ्यावरून कोणासही दोषी धरूं नये. परंतु तो कामांत असतां आपण त्याची विचारपूसच करूं नये, हेंही तितकेंच अनुचित होय. यंत्र ज्याचें, त्यास तें कोणासाठीं व कोणाच्या परवानगीनें राबत आहे, हें विचारण्याचा अधिकार आहे. आणि ज्यास अधिकार आहे, त्याजवर नीट शोध करण्याचें कर्तव्यही आहे.

प्रथम 'रिकामा' या शब्दाचा अर्थ पाहूं. आपण उठून गेलों म्हणजे संगणक रिकामा झाला, असें आपण समजतों. त्याच्या दृष्टीनें मात्र मालकाची पाठ वळणें हीच घरकामाची वेळ होय. शहाणी गृहिणी पाहुणे पानावर बसले असतां केर काढीत नाहीं, ते उठून गेल्यावर काढिते. संगणक रचणाऱ्यांनींही हाच विचार केलेला आहे. २०१२ सालीं निघालेल्या विंडोज ८ पासून त्या प्रणालींत स्वयंचलित देखभालीची योजना आहे. तिची नेमलेली वेळ पहाटे २ ची असते. त्या वेळीं यंत्र बंद असेल, तर पुढें तें चालू असून कोणी वापरीत नाहीं अशी संधि साधून तें काम उरकलें जातें. नव्या सुधारणा बसविणें, तबकडीची व्यवस्था लावणें, विषाणूंची तपासणी करणें, अशीं हीं कामें असतात. याखेरीज शोधासाठीं फाइलींची सूची करणारा एक कारकून निराळाच. दिवाळींत काढलेलीं हजार छायाचित्रें एकदम संगणकांत भरलीं, तर त्यास दोन दिवस जागरण पडलें तरी नवल नाहीं. ॲपलच्या संगणकांतही स्पॉटलाइट नांवाची अशीच सूची आहे, आणि मोठी सुधारणा बसविल्यानंतर ती पुन्हां तयार होऊं लागली कीं पंखा बोलूं लागतो. हीं सर्व कामें मालकाच्या हिताचीं असून यथावकाश संपणारीं आहेत. तेव्हां नव्यानें चालू केलेल्या किंवा नुकतीच सुधारणा बसविलेल्या यंत्राच्या बाबतींत पहिला उपाय म्हणजे धीर होय. त्यास एक रात्र चालू ठेवून काम आटोपूं द्यावें.

दुसरी गोष्ट अशी कीं, आंकडे वाचतां आले पाहिजेत. विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो, आणि सीपीयू या रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारली म्हणजे सर्वांत अधिक भार घालणारा कार्यक्रम वर येतो. परंतु त्यांतील तपशिलाच्या पानावर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' असें एक नांव असतें, आणि त्यापुढें पुष्कळदां ९० किंवा ९५ हा आंकडा दिसतो. तो पाहून घाबरणारे लोक थोडे नाहींत. वस्तुतः तो प्रोसेसर किती रिकामा आहे याचा आंकडा होय. तो जितका मोठा तितकें बरें. 'सिस्टिम इंटरप्ट्स' हें नांवही कोणा कार्यक्रमाचें नव्हे. यंत्राचे निरनिराळे भाग प्रोसेसरास ज्या हांका मारितात, त्यांस ओ देण्यांत गेलेला वेळ तेथें मांडलेला असतो. तो आंकडा सतत चढा राहिला, तर एकाद्या जोडलेल्या उपकरणांत किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्यें बिघाड असण्याचा संभव असतो. ॲपलच्या यंत्रांत 'कर्नल टास्क' याच्या नांवावर कधींकधीं मोठा भार दिसतो. पण तें बहुधा यंत्र फार तापूं नये म्हणून प्रोसेसरचा वेळ अडवून ठेवीत असतें. तेथें दोष पहारेकऱ्याचा नसून उन्हाचा किंवा धुळीनें बुजलेल्या पंख्याचा असतो. आणखी एक खूण गणिताच्या विद्यार्थ्यांस आवडेल. ज्या प्रोसेसरांत ४ कामकरी आहेत, तेथें भार तासन् तास बरोबर शेंकडा २५ वर खिळून राहिला, तर बहुधा एकच कामकरी घाण्याच्या बैलाप्रमाणें एका चक्रांत अडकलेला असतो. ८ कामकऱ्यांच्या यंत्रांत हाच आंकडा साडेबारा येतो.

आतां दोष कोठें असूं शकतो याचें एक प्रत्यक्ष उदाहरण देतों. २०१३ सालाच्या अखेरीस विंडोज एक्सपी वापरणाऱ्या असंख्य लोकांस असा अनुभव आला कीं, संगणक चालू करून कांहीं न करितां बसलें, तरी 'एसव्हीसीहोस्ट' नांवाचा कार्यक्रम बराच वेळ सबंध प्रोसेसर अडवून धरी. लोकांनीं विषाणूंवर संशय घेतला. खरें कारण फार निराळें निघालें. सुधारणांची चौकशी करणारा भाग, कोणती नवी सुधारणा कोणत्या जुन्या सुधारणेची जागा घेते, ही साखळी तपाशीत असे. इंटरनेट एक्सप्लोरर या एकाच कार्यक्रमाच्या सुधारणा वर्षानुवर्षें सांचून ती साखळी लांबली होती, आणि तपासणीची रीत अशी होती कीं, एक कडी वाढली कीं काम जवळ जवळ दुप्पट व्हावें. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. एकाची २० वेळां दुप्पट केली तर १०,४८,५७६ होतात. २०१४ च्या जानेवारींत मायक्रोसॉफ्ट कंपनीनें त्या यादींतील निरुपयोगी जुन्या कड्या काढून टाकल्या, आणि घरोघरचीं यंत्रें शांत झालीं. आतां विचार करा. त्या दिवसांत ज्यानें घाबरून आपला संगणक पुसून नव्यानें भरून घेतला असेल, त्यास काय लाभ झाला ? नव्यानें भरलेल्या प्रणालीनेंही तीच साखळी पुन्हां पहिल्यापासून मोजावयास घेतली ! रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात तें हेंच.

यावरून कोणी असें म्हणेल कीं, मग दुर्लक्ष करणेंच उत्तम. यंत्र आपलें काम करीत असतें, आपण कशास चौकशी करावी? आम्हांस हें मत मान्य नाहीं. याचें कारण समजण्यासाठीं तीन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पहाव्या.

१९९९ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें 'सेटी ॲट होम' नांवाचा उपक्रम सुरू केला. दूरच्या आकाशांतून येणाऱ्या रेडिओ-लहरींत कोणा बुद्धिमान जीवाची खूण सांपडते कीं काय हें पाहण्याचें प्रचंड गणित त्यांनीं तुकडे करून जगभर वांटलें. ज्यास इच्छा असेल त्यानें तो कार्यक्रम आपल्या संगणकांत बसवावा, आणि संगणक रिकामा असेल तेव्हां त्यानें एक एक तुकडा सोडवावा, अशी योजना होती. लाखों लोकांनीं आपण होऊन हें श्रमदान केलें. २०२० च्या मार्चअखेर नवे तुकडे वांटणें बंद झालें.

दुसरी गोष्ट २०१७ च्या सप्टेंबरांतील. त्या महिन्यांत 'कॉइनहाइव्ह' नांवाची एक युक्ति निघाली. एकाद्या संकेतस्थळाच्या पानांत ती घातली कीं, तें पान वाचणाऱ्याचा प्रोसेसर त्याच्या नकळत मोनेरो नांवाचें आंकडी चलन मिळविण्यासाठीं राबूं लागे, आणि लाभ दुसऱ्याच्या खिशांत जाई. २०१८ च्या फेब्रुवारींत तर मोठाच प्रकार घडला. मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारा एक साह्यकारी कार्यक्रम कोणीं तरी बिघडविला, आणि तो वापरणारीं ४,००० हून अधिक संकेतस्थळें कांहीं तास वाचकांच्या यंत्रांकडून ही वेठ घेत राहिलीं. त्यांत ब्रिटनच्या माहिती-आयुक्तांच्या कचेरीचें स्थळही होतें. कॉइनहाइव्ह २०१९ च्या मार्चमध्यें बंद झालें. परंतु अशी चोरी करणारे दुसरे कार्यक्रम अजून आहेत.

तिसरी गोष्ट २००५ सालची. मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञास आपल्याच यंत्रांत लपविलेला एक कार्यक्रम आढळला. सोनी बीएमजी कंपनीची संगीताची तबकडी विकत घेऊन वाजविली असतां, नक्कल करण्यास प्रतिबंध व्हावा म्हणून तो यंत्रांत शिरला होता, आणि कोणत्याही यादींत दिसूं नये अशी तजवीज केलेली होती. तबकडी वाजत नसतांही तो चालू असलेले सर्व कार्यक्रम पुनःपुन्हां तपाशीत राही आणि प्रोसेसरचा शेंकडा एक-दोन वेळ घेई. हें प्रकरण जाहीर होतांच एवढा गहजब झाला कीं, थोड्याच दिवसांत कंपनीस त्या तबकड्या परत घ्याव्या लागल्या.

पहिल्या दोन गोष्टींत कोष्टकांतील आंकडा एकच असूं शकेल, शेंकडा १००! मग एकीस आपण विज्ञानसेवा म्हणतों आणि दुसरीस चोरी, तें कशावरून ? आंकड्यावरून नव्हे, संमतीवरून. एकींत मालकानें जाणूनबुजून होकार दिलेला आहे, दुसरींत त्यास विचारलेलेंच नाहीं. आणि तिसऱ्या गोष्टींत तर भार इतका अल्प होता कीं, पंख्याचा आवाज ऐकून कोणासही संशय आला नसता. म्हणून आम्ही म्हणतों कीं, 'भार किती ?' या प्रश्नापेक्षां 'भार कोणाचा, आणि त्यास आंत कोणीं येऊं दिलें ?' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

पालकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. २०१८ च्या त्या प्रकारांत ज्यांचीं यंत्रें राबलीं, ते कोणी आडवाटेनें गेलेले लोक नव्हते. भल्या स्थळांचीं पानें वाचणारे होते. तेव्हां संगणक तापला कीं मुलासच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला फांशी देण्यासारखें होय. पुराव्यावांचून एकदां दोषी ठरलेला मुलगा पुढच्या वेळीं खरोखरच कांहीं चुकीचें उतरवून घेतलें, तरी तें सांगावयास येत नाहीं, लपवितो. आणि लपविलेला दोष हाच यंत्रास व घरास अधिक घातक ठरतो.

मग शोध कसा करावा ? आमची सूचना अशी कीं, एक वही घ्यावी आणि तींत चार रकाने आंखावे : वेळ, सर्वांत वर दिसणारें नांव, त्याचा भार, आणि त्यापूर्वीं यंत्रावर काय केलें. आठ दिवस ही नोंद ठेवावी. भार रोज ठराविक वेळीं येतो कीं सतत असतो, यंत्र चालू केल्यावर अर्ध्या तासांत ओसरतो कीं वाढत जातो, हें वहींतून आपोआप दिसूं लागतें. इंटरनेटचा ब्राउझर वर दिसत असेल, तर त्याचीं पानें एक एक करून बंद करावीं. क्रोममध्यें शिफ्ट व एस्केप दाबलें म्हणजे कोणतें पान किती वेळ खातें याची निराळी यादी मिळते. नांव अनोळखी असेल, तर त्यावर उजवी टिचकी मारून ती फाइल कोठें ठेवलेली आहे तें पहावें. एसव्हीसीहोस्टची अस्सल फाइल विंडोजच्या आपल्या कपाटांत, म्हणजे सिस्टिम-३२ मध्यें असते. त्याच नांवाचा इसम दुसऱ्या कोठल्या तरी कोपऱ्यांत वावरतांना दिसला, तर तो तोतया समजून पूर्ण तपासणी करवावी. सिस्टिम इंटरप्ट्स चढलेले असतील, तर जोडलेलीं उपकरणें एक एक काढून पहावीं. शेवटीं यंत्र सेफ मोडमध्यें, म्हणजे केवळ अत्यावश्यक भागांनिशीं, चालू करावें. तेथें भार नाहींसा झाला, तर दोष मागाहून बसविलेल्या एकाद्या कार्यक्रमांत किंवा ड्रायव्हरमध्यें असण्याचा संभव अधिक.

या सर्वांत एक नियम मोडूं नये. एका वेळीं एकच बदल करावा. पांच गोष्टी एकदम बदलून यंत्र शांत झालें, तर तें कशानें झालें हें कधींच कळणार नाहीं, आणि पुढच्या वेळीं पुन्हां अंधारांत चांचपडावें लागेल. प्रयोगशाळेंत हा नियम आम्ही रोज शिकवितों. घरीं मात्र तो दप्तरांतच राहतो.

एक कठीण प्रसंगही सांगून ठेवितों. कधीं पंखा जोरानें चालू असतो, पण आपण माउस हलवून टास्क मॅनेजर उघडला कीं सारें एकदम शांत ! याचे दोन अर्थ होतात. देखभालीचें काम मालक परत येतांच आपण होऊन थांबतें, हा एक. आणि चलन मिळविणारे कांहीं लबाड कार्यक्रम टास्क मॅनेजर उघडलेला पाहतांच दडून बसतात, हा दुसरा. आज्ञाधारक नोकर व चोर हे दोघेही मालकाची चाहूल लागतांच काम सोडतात. तेव्हां केवळ थांबण्यावरून निर्णय करितां येत नाहीं. अशा वेळीं विंडोजमधील परफॉर्मन्स मॉनिटरकडून रात्रभराची नोंद करून घ्यावी आणि ती सकाळीं वाचावी. तींत देखभालीचीं ओळखीचीं नांवें आढळलीं तर चिंता मिटली. अनोळखी आढळलें, तर विंडोजचा अंगचा विषाणुरोधक यंत्र पुन्हां चालू करून, प्रणाली जागी होण्यापूर्वींच तपासणी करूं शकतो. तिचा उपयोग करावा. भारत सरकारनें २०१७ सालीं सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही अशा सफाईचीं साधनें विनामूल्य मिळतात.

यांवांचून दोन उपायांपासून मात्र दूर रहावें. पहिला उपाय बळाचा : जें नांव वर दिसेल तें बंद पाडणें. २०१० च्या एप्रिलमध्यें मॅकॅफी कंपनीच्या विषाणुरोधकानें एका सदोष सुधारणेमुळें विंडोज एक्सपींतील अस्सल एसव्हीसीहोस्टलाच विषाणु ठरविलें, आणि अनेक कचेऱ्यांतील यंत्रें पुनःपुन्हां बंद-चालू होऊं लागलीं. तज्ज्ञांच्या साधनाची जर ही गत, तर आपण अंदाजानें कोणाचाही गळा दाबूं नये, हें उघड आहे. दुसरा उपाय जाहिरातींचा : 'एका टिचकींत संगणक वेगवान' असें सांगणारे कार्यक्रम बसविणें. यांतील पुष्कळ स्वतःच पार्श्वभूमीस सतत चालू राहून भार वाढवितात. घरांत गर्दी झाली म्हणून ती मोजावयास आणखी दहा माणसें बोलावण्यासारखें तें आहे.

कोणी पालक म्हणतील, आम्हांस दिवसभर उद्योग. या खटाटोपास सवड कोठून आणावी? त्यांस आम्ही खर्चाचा हिशेब दाखवूं. समजा, अशा गुप्त कामामुळें यंत्र ५० वॅट अधिक वीज घेतें आणि रोज १० तास चालू असतें. रोजचें अर्धें युनिट, महिन्याचीं १५ युनिटें, वर्षाचीं सुमारें १८०. हें बिल कोणासाठीं भरावयाचें ? शिवाय उष्णतेनें यंत्राची झीज होते ती निराळी, आणि ज्या वाटेनें चलन मिळविणारा आंत आला, त्याच वाटेनें बँकेचा गुप्त शब्द चोरणाराही येऊं शकतो, ही गोष्ट तर अधिकच गंभीर. त्या मानानें रोजचीं पांच मिनिटें व एक वही यांचें मोल कांहींच नाहीं. आणि इतकें करूनही दुरुस्तीवाल्याकडे जावें लागलें, तर ती वही त्याजपुढें ठेवावी. प्रामाणिक कारागिराचा वेळ तिनें वांचेल, आणि उगीच सारें पुसावयास सांगणाऱ्याची जीभ आवरेल. पुसण्याची खरीच पाळी आली, तर आधीं सर्व फाइलींची दुसरी प्रत करून घेतल्याखेरीज यंत्र त्याच्या हवालीं करूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, हें काम तुम्हांस सहज साधण्यासारखें आहे, आणि म्हणूनच यांत तुमची जबाबदारी मोठी आहे. वडिलांस कळत नाहीं म्हणून हंसूं नका. त्यांच्याशेजारीं बसून तें कोष्टक त्यांस वाचून दाखवा. तुम्हीं कांहीं उतरवून घेतलें असेल, तर तें वहीच्या चौथ्या रकान्यांत स्वतःच्या हातानें लिहा. येत्या सुटींत प्रत्येकानें आपल्या घरच्या संगणकाची आठ दिवसांची अशी एक नोंद करून आणावी, आणि शाळा उघडल्यावर त्या वह्या वर्गांत एकमेकांस दाखवाव्या, अशी आमची इच्छा आहे. कित्येकांस कांहींच गैर आढळणार नाहीं. तोही शोधच होय. एकाद्यास मात्र आपल्या घरांत रात्रंदिवस परक्यासाठीं चाललेली मजुरी सांपडेल. ती त्यानें आईवडिलांच्या देखत, कारण नीट समजून घेऊन, बंद केली, तर त्या दिवशीं तो संगणक खऱ्या अर्थानें त्या घराचा होईल.